नदाफकाकांच्या बत्तीस तारा

नदाफकाका होटगीला राहायला गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. आमच्या इमारतीच्या मागच्या जागेत हल्ली चार गाड्या उभ्या राहतात आणि त्यातली एक आमची आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि कुणाला असं वाटायला नको की बाई स्वतः नामानिराळी होती. नव्हती. नदाफकाकांची आठवण आली की मला आधी सगळ्या सोसायटीचा राग येतो, मग माझा येतो, आणि मग मी पुन्हा सोसायटीकडे वळते, कारण ते सोपं पडतं.

दस्तगीर नदाफ हे त्यांचं पूर्ण नाव. रेल्वेत तारायंत्रावर लागले, तारायंत्रं गेली तसे सिग्नलच्या कामावर गेले, आणि निवृत्त झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या बारा घरांच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. आमची दारं समोरासमोर. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी, दोन्ही एकाच जागेकडे उघडायच्या. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली ती जागा म्हणजे तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद काळी माती. तिच्यात एक शेवगा, एक ड्रेनेजचं चेंबर, बोअरची मोटर आणि बाकी सगळं रानगवत.

माणूस बारीक, उंच, आणि बाराही महिने रागावलेला. राग कशाचा, तर ढिलाईचा. फाटकाची कडी ढिली, नळाची तोटी ढिली, वर्तमानपत्रवाल्या पोराची सायकल ढिली. ते खिशात कायम एक छोटा पाना ठेवायचे आणि समोरच्याला न विचारता त्याच्या वस्तूचे स्क्रू आवळून द्यायचे, आवळताना मालकाला बोलून घ्यायचे. माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चहा गार करून त्यांनी आधी खुर्ची उलटी केली. "ढिला माणूस" ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. चोर, लबाड, नालायक हे सगळे त्यांच्या लेखी ढिल्याच्या अलीकडचे.

राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दार वाजलं.

"मॅडम, तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत कशाला वतताय? खिडकीतनं मागं टाका की."

मी म्हटलं, "मागे चिखल होईल."

"होऊ द्या. मला चिखलच पायजे."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सगळी इमारत पाईप आणि पिंपं घेऊन धावत असते, त्यामुळे मातीत पाणी ओतायला सांगणारा माणूस मला जरा विक्षिप्त वाटला. शेवग्यासाठी असेल, असं म्हणून मी ओतायला लागले. आठवड्याभरात खुलासा झाला. खिडकीतून पाहते तर काका गुडघ्यांवर बसलेले, हातात भाजीची सुरी. ओल्या मातीत सुरीने बोटभर खोल चीर पाडायची, चिरेत तांब्याची तार घालायची, वरून अंगठ्याने माती दाबायची. वीतभर झालं की गुडघे पुढे सरकवायचे, की पुन्हा चीर.

काकांचा छंद हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या माणसांशी बिनतारी बोलण्याचा होता. दिल्लीहून आलेला परवाना त्यांनी बाहेरच्या खोलीत काचेत लावून ठेवला होता, लोक लग्नाचा फोटो लावतात त्या जागी. लग्नाचा फोटो कपाटात होता आणि जुबेदाभाभी ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. घरी जुळवलेलं एक यंत्र, टिंब-रेघांच्या मोर्स भाषेची एक पितळी कळ, आणि मागच्या जागेत बत्तीस फूट उंच ॲल्युमिनियमचा पाईप. तोच त्यांचा अँटेना. इथपर्यंत कुणालाही कळतं. जमिनीत तारा कशाला, हे मात्र मला, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला, कळेना. मी विचारलं आणि त्यांनी मला मातीशेजारी उभं करून तासभर झापत झापत समजावलं.

"पुस्तकात काय शिकवता तुमी? जमीन म्हंजे शून्य. कुटली शून्य? पायपातनं वर जेवढं जातंय तेवढं खालनं परत यावं लागतंय की न्हाय? ही माती परत देत न्हाय. खाऊन बसते. म्हणून तिच्यात तार घालायची, म्हंजे तारेच्या वाटेनं परत येतंय."

तारा खरं तर पाईपाएवढ्या लांब, सगळ्या दिशांना सरळ पसरायला हव्यात. जागा पंधरा फुटांची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: लांब चार घालण्यापेक्षा आखूड बत्तीस घाला. काही तारा भिंतीशी पोचून कोपऱ्यात वळल्या, काही चेंबरला वळसा घालून गेल्या, आणि शेवग्याजवळच्या तीन तर मुळांच्या मधून हाताने ओवलेल्या. तार आणायची ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून. यंत्रमागाच्या जळक्या मोटरींतून निघालेली, वाकडीतिकडी. तिचं एक टोक दाराच्या बिजागरीला बांधायचं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मागे मागे रेलत ती सरळ करायची. भाभी दारातून म्हणायच्या, "देखो जी, नंदीबैल." पाईपाच्या बुडाशी सगळ्या तारा एकत्र यायला काहीतरी धातूचं लागतं. त्याला काकांनी घरातलं स्टीलचं जेवणाचं ताट घेतलं, त्याच्या काठाला बत्तीस भोकं पाडली आणि प्रत्येक तार नटबोल्टने आवळली. भाभींनी चार दिवस त्यांना परातीत वाढलं. पाईपाला कुणाचा हात लागू नये म्हणून त्यावर बुडाशी प्लास्टिकचं पिंप बूड कापून बसवलं होतं, वर लाल रंगात "हात लावू नये" असं तीन भाषांत लिहून. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल म्हणून नाही, तर त्या माणसाला बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावं म्हणून.

तारांवर त्यांचे तीन उन्हाळे गेले. दर पाच-सहा तारा वाढल्या की यंत्राशी बसायचे, मीटर बघायचे, वहीत आकडा लिहायचे आणि फरक पडला असेल तर मला खिडकीतून सांगायचे. आनंदाची बातमी सांगतानाही आवाज भांडणाचाच. "पडला फरक. सांगत नव्हतो का मी."

फरक कुणासाठी हवा होता, तेही सांगायला हवं. तारायंत्राच्या प्रशिक्षणात त्यांच्या शेजारच्या बाकावर बरुआ नावाचा आसामचा मुलगा होता. पुढे तो तिकडे वरच्या आसामात स्टेशनांवर राहिला, हे इकडे. दोघांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि रोज सकाळी सहाला मोर्सवर गप्पा सुरू झाल्या. निवृत्तीनंतर बरुआंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तोंडाने बोलणं संपलं. कळीवर मात्र ते पूर्वीसारखेच बोलायचे, भराभर, मधे मधे चेष्टा करत. त्या कळीवर बरुआंना काही झालेलंच नव्हतं.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "काका, व्हॉट्सअ‍ॅप आहे की. लिहून पाठवायचं."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता खुर्ची पुन्हा उलटी करतात. मग म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी आणि बोलणं एकच व्हय? त्याचा हात मी वळखतो. शेवटची रेघ जरा वडून सोडतो तो, पहिल्या दिवसापासनं. झोप झाली न्हाय तरी मला हितं कळतं. तुमच्या त्या निळ्या टिकेत काय कळतंय?"

सहाच्या सुमाराला मी कणीक मळायला घ्यायची तेव्हा त्यांच्या खिडकीतून ती तुटक, बारीक शिट्टी ऐकू यायची. कधी कधी मधेच काका एकटे हसायचे. दिवसभरात ते हसलेले मी फक्त त्या वेळी ऐकले आहेत.

आता इमारतीबद्दल. आमच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे, सोसायटीने भाड्याने बसवलेला. गच्चीला कुलूप. काकांनी तिथे एक तार बांधायची परवानगी मागितली होती तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, रेडिएशनचा प्रश्न येतो. टॉवरच्या सावलीत उभं राहून म्हणाले. काकांनी हात जोडले आणि खाली मातीत गेले. त्यांना पायाखालची जागा दिली होती ती आधीच्या सेक्रेटरीने, तोंडी. लेखी घेतलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे जोड आवळणाऱ्या माणसाने स्वतःचा तेवढा एक जोड ढिला ठेवला.

मग कुजबुज सुरू झाली. जिन्यात, पाण्याच्या रांगेत. हा माणूस पहाटे कुणाशी बोलतो, तेही असं खुणांच्या भाषेत? तोंडाने का नाही बोलत? पाटलांच्या किंवा स्वामींच्या घरात तो पाईप उभा असता तर हेच लोक पाहुण्यांना बोलावून दाखवत फिरले असते, हे मी छातीठोकपणे सांगते. नदाफ होते म्हणून कुजबुज झाली. कुणी स्पष्ट म्हणत नव्हतं. आमची इमारत सुशिक्षित आहे.

कुणीतरी अर्ज केला आणि एक हवालदार चौकशीला आला. तो चांगला माणूस होता, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. परवाना वाचला, भाभींचा चहा घेतला, यंत्राकडे दुरूनच पाहिलं. मी दारात उभी होते.

"काका, ह्याच्यावर पलीकडचे लागतात का?" त्याने विचारलं.

"पलीकडचे म्हंजे?"

"म्हंजे… पलीकडचे हो."

"होटगीच्या पलीकडं अक्कलकोट लागतं," काका म्हणाले. "त्याच्या पलीकडं कर्नाटक. तुमाला कुटं जायचंय?"

हवालदाराने मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना काकांनी त्याच्या मोटरसायकलचा आरसा आवळून दिला आणि त्यावरून त्याला दोन शब्द सुनावले. मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. भाभी हसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या दारातला पडदा ओढून बसल्या होत्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "चालीस साल नोकरी करे ये. अब पूछते, कौन है तुम."

त्यानंतर वर्षभरात सोसायटीने मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचं काढलं, पार्किंगसाठी. रविवारी सकाळी जिन्याखाली खुर्च्या टाकून मीटिंग झाली. माझ्या मुलाने तेव्हाच गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उभी राहायची, रोज कुणीतरी ओरखडा काढायचं. मला ती जागा हवी होती. लपवून काय करू.

काका भांडायच्या तयारीने येतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते कागद घेऊन आले. त्यावर मागच्या जागेचा नकाशा होता, बत्तीस तारा आखलेल्या. म्हणाले, "ब्लॉक बसवा. माझी हरकत न्हाय. फक्त खणू नका. मातीवर चार इंच खडीचा कच टाका, त्याच्यावर ब्लॉक. माझ्या तारा खाली ऱ्हातील, तुमच्या गाड्या वर. पाईप मी कोपऱ्यात भिंतीला घेतो. कचाची ट्रॉली माझ्याकडनं."

इतकी साधी गोष्ट होती. कुणाचं काहीही जात नव्हतं. पण दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, तारांत करंट असतो, पोरं खेळतात, उद्या काही झालं म्हणजे? मग एकदम सगळ्यांनाच पोरं आठवली. सेक्रेटरी माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमी सायन्सच्या. तुमीच सांगा, जमिनीतल्या त्या तारांचा धोका हाय का न्हाय? तुमी म्हणाल तसं करू."

काकांनी नकाशाची घडी केली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मी त्यांना त्या इमारतीत कधीच टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. मातीशेजारी तासभर उभं करून त्यांनी मला सगळं समजावलं होतं. धोका नव्हता. मला ते माहीत होतं, कारणासकट माहीत होतं, फळ्यावर आकृती काढून सांगता आलं असतं. बारा घरं माझ्याकडे बघत होती. मला जिन्यातली कुजबुज आठवली, उद्या तिच्यात माझं नाव येईल असं वाटलं, आणि रस्त्यावरची गाडी आठवली.

मी म्हणाले, "मला त्यातलं फारसं कळत नाही. एखाद्या तज्ज्ञाला विचारलेलं बरं."

तज्ज्ञाला कुणी विचारलं नाही. मंगळवारी मजूर आले आणि कुदळी घालायला लागले. काका बाहेर आले, दहा मिनिटं ओरडले, सेक्रेटरीला ढिला म्हणाले, ठेकेदाराला ढिला म्हणाले. मग ओरडायचे थांबले आणि चेंबरच्या झाकणावर बसून राहिले. तारा पहिल्या फटक्यातच बाहेर येत होत्या, कारण त्या बोटभरच खोल होत्या. एक मजूरबाई निघेल ती तार गुंडाळून त्यांच्या पायाशी आणून ठेवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या इमारतीत तेवढी एक शहाणी निघाली, आणि ती इमारतीतली नव्हती. मी माझ्या खिडकीतून हे पाहत होते, आणि मग मी काय केलं, तर धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली.

पाईप कोपऱ्यात उभा राहिला. काकांनी कंपाउंडच्या भिंतीवरून दोन तारा टाकून पाहिल्या, त्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी कापल्या. त्याच वर्षी थंडीत बरुआ वारले. उन्हाळ्यात काका-भाभी होटगीला भावाच्या शेतावर राहायला गेले. तिथे जागा हवी तेवढी आहे, दोनशे तारा टाकता येतील. टाकल्या नाहीत, असं भाभी फोनवर म्हणाल्या.

मला काका शेवटचे आठवतात ते या सगळ्याच्या आधीचे, ब्लॉक बसल्यानंतर तीनेक आठवड्यांनी. मधले सगळे दिवस आम्ही दारात समोरासमोर आलो तरी ते बोलत नव्हते, आणि तेवढ्याने मला सुटल्यासारखंही वाटत होतं. पण सकाळी सहाची शिट्टी चालूच होती, आता बराच वेळ, आणि मधलं हसणं बंद झालं होतं. शेवटी एका सकाळी मी कणकेचे हात धुतले आणि त्यांचं दार वाजवलं. भाभींनी उघडलं. म्हणाल्या, "जाओ, अंदरच हैं."

काका यंत्रासमोर बसले होते, कानाला हेडफोन. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी…"

त्यांनी वर न बघता हात वर केला. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन काढला आणि उठून माझ्या कानांवर बसवला, मुलाच्या डोक्यावर टोपी बसवावी तसा, जरा जोरातच. आत तेल तडतडावं तसा आवाज होता. त्याच्या तळाशी एक बारीक शिट्टी, तुटत तुटत येणारी. शेवटी ती जराशी लांबायची, की पुन्हा पहिल्यापासून.

"बरुआ," काका म्हणाले.

"काय म्हणतात?"

"इचारतोय, दस्तगीर हाय का. वीस मिनिटं झाली. तेवढंच इचारतोय."

"मग तुम्ही…"

"दिलं की उत्तर. सात-आठदा दिलं. हाय म्हणून सांगितलं. मला त्याचं ऐकू येतं, माझं त्याच्यापर्यंत पोचत न्हाय. ऐकायला काय, खिडकीच्या गजाला तार बांधली तरी ऐकू येतंय. बोलायला खाली जमीन लागते."

"त्यांना कळवलं नाही का? फोनवर?"

"त्याच्या सुनेला कळवलं. तिनं सांगितलं त्याला. तरी रोज सहाला बसतो. आज पोचेल, उद्या पोचेल, म्हणून."

मी माफी मागायला आले होते. ती वाक्यं मी कणीक मळताना जुळवली होती. काकांचा आवाज चढला नाही. इतकी वर्षं तो कडीवर, तोटीवर, सायकलीवर चढलेला मी ऐकला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "बाकीच्यांना कळत नव्हतं. त्यांच्यावर माझा राग न्हाय. तुमाला कळत व्हतं."

कानातली शिट्टी थांबली. नुसती तडतड उरली. मी घाईने म्हटलं, "थांबले ते. बंद झालं."

"बंद न्हाय झालं. तो ऐकतोय आता. माझी वाट बघतोय. काढा ते, द्या हिकडं."

मी हेडफोन काढून दिला. त्यांनी तो कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली आणि कळीवर बोट ठेवून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सांगायला लागले, की हाय, मी हितंच हाय.